पिशवी

गणेबैल येईपर्यंत उभं राहायचं, असं रोज ठरवते.
पिरनवाडीलाच पाय गार पडतात.
मुंदे होगरी, मुंदे होगरी, ओरडत
मागच्या सीटचा दांडा धरते
आणि मोजते: सकाळपासून तिसरं पॅड,
एकोणचाळीस शून्य तिकिटं बायकांची, अकरा पैशांची.

खाकीवर सगळं दिसतं.
म्हणून चामड्याची पिशवी मी पुढं नाही, मागं घेते.
रुद्रगौडा ड्रायव्हर आरशात बघून न बघितल्यासारखं करतो
आणि मच्छेला, कारण नसताना,
दोन मिनिटं जास्त थांबतो.
भला माणूस.

"पिशवी काढून टाक गे," यल्लूबाई म्हणाली, माझी नणंद.
"मी टाकलो बघ चौतिसाव्या वर्षी. कटकट गेली."
कटकट गेली खरी.
मग रात्री दोनला घामानं उठणं आलं,
उघड्या फरशीवर झोपणं आलं, हाडं दुखणं आलं.
हे ती सांगत नाही.
मुक्कामाला गेले की मला दिसतं.

हंपण्णवर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचले.
रक्त सात पॉइंट चार. गाठ नाही, वाईट काही नाही.
कागद उलटा करून त्यांनी एक चित्र काढलं,
पेरूएवढं.
मी म्हटलं, पिशवी.
त्या म्हणाल्या, गर्भकोश.
कोश!
आमच्या शाळेत एकच कोश होता, कपाटात, कुलपात.
हात लावायचा तर आधी गुरुजींना विचारायचं.
आणि इथं अख्खा तालुका म्हणतोय, काढून टाक.

त्यांचं मराठी आणि माझं कन्नड
अर्ध्या रस्त्यात भेटलं.

ही गोळी, पाचव्या दिवसापासून सव्वीसाव्यापर्यंत, रोज.
(मी नाईट हॉल्टला हलशीत, पाकीट घरात
फ्रीजवर. चुकणारच.)
ही दुसरी, दोन हार्मोनची. ती तुला नको,
बीपी बघ किती आहे, चाळिशीही उलटली.
सुई घेतलीस तर तीन महिन्यांतून एकदा,
पण सुरुवातीला कधी ठिपका, कधी धार, नेम नाही.
नेम नसलेल्या गाडीवर ड्यूटी कोण मागून घेतं, बाई?

मग ही. टेबलावर ठेवली, बोटाच्या दोन पेरांएवढी.
"तांबी?"
माझी खुर्ची आपोआप मागं सरकली.
तांबीनं शेजारच्या अक्काताईचं दुप्पट गेलं होतं.
तांबं नाही गे यात, त्या हसल्या.
थोडं थोडं औषध सुटतं, जिथल्या तिथं, पाच वर्षं.
पहिले काही महिने डाग पडतील, घाबरायचं नाही.
मग कमी. या सगळ्यांत सगळ्यात कमी.
बहुशः, म्हणाल्या.
आणि माझ्याकडं बघून पुन्हा: बहुधा.

दोन्ही भाषांत खात्री नव्हती,
म्हणून मला विश्वास वाटला.

वेबिलाच्या पाठीवर हिशोब मांडला:
गोळी महिन्याला किती, सुई वर्षाला किती,
ही पाच वर्षांत एकदाच, पण एकदम.
कानातले मोडायचे नव्हते. मोडले.

पाच महिने झाले.
तीन महिने रोज डाग.
यल्लूबाई म्हणाली, सांगितलं होतं की तुला.
मी लोखंडाच्या गोळ्या गिळत गप्प बसले,
एकदा तर दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन आले,
काढा म्हणायला. त्या दिवशी बाई रजेवर.

चौथ्यात एका मंगळवारी
गणेबैल कधी आलं कळलं नाही.
कुणाची तरी कोंबडी सुटली होती गाडीत,
मी ती पकडत होते.

रुद्रगौडा अजून मच्छेला थांबतो, सवयीनं.
आज मी म्हटलं, रैट, रैट.
आरशात तो पहिल्यांदा सरळ बघून हसला.

रात्री डेपोत पिशवी रिकामी केली:
नाणी, दहाची फाटकी नोट, उरलेला रोल,
आणि तळाशी घडी घातलेला काळा परकर.
नाणी दिली, नोट दिली, सही केली.
परकर परत आत ठेवला.